नोंदवहीतले नाव

आरोग्यसेवेतील व्यवसायांची वैधानिक नोंदणी म्हणजे कायद्याने स्थापन झालेल्या परिषदेने पात्र व्यक्तींची सार्वजनिक नोंदवही ठेवणे, आणि त्या वहीत नाव नसलेल्याला तो व्यवसाय करण्यास मनाई असणे. विद्यापीठाच्या पदवीवरून शिक्षण पुरे झाल्याचे कळते. रुग्ण तपासण्याचा अधिकार मात्र नोंदणीने मिळतो. पदवी सहसा कोणी परत घेत नाही. नोंदणी काही काळ स्थगित होऊ शकते, कायमची रद्दही होऊ शकते. या व्यवस्थेची खरी ताकद एवढ्या एका फरकात आहे.

ब्रिटनमध्ये १८५८ च्या वैद्यक कायद्याने जनरल मेडिकल कौन्सिल आली. त्याच धर्तीवर भारतात पहिले पाऊल मुंबई इलाख्याने १९१२ मध्ये टाकले; मद्रास व बंगालचे कायदे १९१४ चे. मुंबईची ती नोंदवही पाश्चात्त्य वैद्यकापुरती होती. वैद्य आणि हकीम यांना कायदेशीर नोंदणी मिळण्यास १९३८ साल उजाडले, तर परिचारिका व सुइणींसाठीचा मुंबईचा कायदा १९३५ चा. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याने आयुर्वेद व युनानी, १९६५ च्या कायद्याने अ‍ॅलोपॅथी आणि १९६६ च्या कायद्याने परिचर्या यांची व्यवस्था नव्याने लावली गेली. होमिओपॅथीची परिषद वेगळी आहे. ही विभागणी कागदापुरती नाही. ज्या शास्त्राची नोंदणी, त्याच शास्त्राचे उपचार, हा नियम मुंबईतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कठोर शब्दांत सांगितला. होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या डॉक्टराने अ‍ॅलोपॅथीची औषधे दिली होती आणि रुग्ण दगावला होता. दुसऱ्या शास्त्राचे ज्ञान नसताना त्याची औषधे देणारा तो भोंदूच, असे न्यायालयाने म्हटले.

औषधांच्या दुकानात नोंदणीचा प्रश्न निराळ्या रूपात दिसतो. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच दिले पाहिजे. प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले आणि फार्मासिस्ट गैरहजर, अशा दुकानात नोंदणीचा हेतूच नाहीसा होतो.

नाव एकदा चढले की काम संपत नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी या काळात निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. पाच वर्षांत तीस म्हणजे वर्षाला सहा. झपाट्याने बदलणाऱ्या शास्त्रासाठी ही अट फार सौम्य आहे, आणि केवळ चर्चासत्रांना हजेरी लावून ती पुरी होत असेल तर तिचा उपयोग आणखी कमी.

शिस्तभंगाची कारवाई हा या व्यवस्थेचा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कच्चा भाग आहे. नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोग आहे, गुन्ह्यासाठी पोलीस आणि फौजदारी न्यायालय. पण हा डॉक्टर यापुढे रुग्ण तपासण्यास योग्य आहे का, हा प्रश्न परिषदच ठरवू शकते. डॉक्टरांसाठीची २००२ ची आचारसंहिता या दृष्टीने चांगली आहे. चिठ्ठीवर आणि दवाखान्यात नोंदणी क्रमांक असावा, रुग्णाने मागितल्यास कागदपत्रे ७२ तासांत द्यावीत, तक्रारीचा निकाल सहा महिन्यांत लावावा, असे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे. राज्य परिषदेच्या निर्णयाविरुद्ध कोणाही पीडित व्यक्तीला वरच्या परिषदेकडे जाण्याची मुभाही तिने दिली होती. २०१९ चा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा आला तेव्हा अपिलाच्या कलमात फक्त डॉक्टराचा उल्लेख राहिला, आणि त्याच आधारावर रुग्णांची अपिले परत पाठवली गेली. ज्यांच्या रक्षणासाठी नोंदवही आहे त्यांनाच दाराबाहेर ठेवणारी ही शब्दयोजना अन्यायकारक आहे. संसदेने ती बदलायला हवी.

समाजकार्याच्या क्षेत्रात तर नोंदवहीच फार उशिरा आली. देशातील समाजकार्याचे पहिले महाविद्यालय १९३६ मध्ये मुंबईत निघाले. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. सरकारी रुग्णालयांतले समाजसेवा अधीक्षक गरीब रुग्णांसाठी विश्वस्त निधीतून पैसे उभे करतात, अत्याचारग्रस्त स्त्रियांशी बोलतात, बेवारस रुग्णांचे नातेवाईक शोधतात. घरातल्या अत्यंत खासगी गोष्टी त्यांच्या कानावर येतात. तरीही या व्यवसायासाठी डॉक्टर वा परिचारिकांसारखी स्वतंत्र वैधानिक परिषद नव्हती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णांसोबत काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्यांची नोंदणी राज्य प्राधिकरणाकडे दिली. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय आयोग कायद्याने वैद्यकीय समाजकार्यकर्त्यांनाही आपल्या परिशिष्टात घेतले, फिजिओथेरपिस्ट आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञांच्या शेजारी. मात्र या कायद्यातही सगळे अवलंबून आहे ते राज्य परिषदांवर: नावे चढवायची त्यांनी, तक्रारी ऐकायच्याही त्यांनीच. त्यांना पुरेसा कर्मचारीवर्ग आणि रुग्णांच्या बाजूचे सदस्य देणे ही राज्य सरकारची जबाबदारी आहे.