सलामाचा जवाब

रमजानच्या दुसऱ्या अशऱ्यात मी पुण्याहून घाटंजीला आलो, तेव्हा बॅगेत एका टॉवेलात गुंडाळलेला तळहाताएवढा सर्किट बोर्ड होता. कंपनीने तो घरी न्यायला परवानगी दिली होती, पण सोमवारच्या बैठकीत तो चालू करून दाखवायचा, या अटीवर. अब्बांच्या इंतकालनंतर अम्मी इथे एकटी असते. घाटंजीत बसून हे काम होतं असं एकदा दिसलं, की महिन्यातले पंधरा दिवस तरी इथे राहायला मिळतील, असा माझा हिशेब.

शुक्रवारी रात्री तरावीहनंतर मी बोर्डावर नवं लिनक्स चढवलं आणि त्यात माझीच काहीतरी चूक राहिली. बोर्ड सुरू व्हायचा, अर्ध्यात कोलमडायचा, पुन्हा सुरू व्हायचा. शाबूत होतं ते फक्त यू-बूट. वीज आल्यावर सगळ्यात आधी जागा होणारा आणि मग मोठ्या सिस्टिमला उठवणारा हा छोटा प्रोग्राम. आमच्या गल्लीत सहरीला डफ वाजवत फिरणारे चाचा असायचे, तसं त्याचं काम. तो जागा आहे तोवर आशा आहे, कारण तो केबलवरून लॅपटॉपकडे फाइल मागू शकतो.

फाइल आठ एमबीची. ती सीरियल वायरने पाठवायचा प्रयत्न मी आधी केला. ११५२०० च्या वेगाने सेकंदाला जेमतेम साडेअकरा केबी जातात, म्हणजे बारा मिनिटं. नवव्या मिनिटाला लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, बोर्ड नाही. लाइट आल्यावर पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. मग नेटवर्कची केबल शोधायला निघालो.

गावात सीसीटीव्ही आणि इंटरनेटच्या वायरी टाकणारा एक पोरगा आहे. त्याने शनिवारी सकाळी दोन मीटर केबल कापून, दोन्ही टोकांना जॅक दाबून दिले. मी लॅपटॉप आणि बोर्ड थेट जोडले. लॅपटॉपला १९२.१६८.१.१० हा पत्ता दिला, बोर्डाला १९२.१६८.१.२०, आणि फाइल मागितली. उत्तर आलं: एआरपी रिट्राय काउंट एक्सीडेड. म्हणजे बोर्ड ओरडतोय, ‘हा पत्ता कोणाचा आहे?’ आणि कोणीच ‘माझा’ म्हणत नाही.

मी लॅपटॉपचा पत्ता पुन्हा घातला, तपासला, होता. पुन्हा मागितलं, पुन्हा तेच. असं दुपारपर्यंत चाललं. रोजा, मार्चचं ऊन, कूलर बंद. शेवटी मी त्या पोराला फोन लावला आणि नको तेवढं बोललो. जॅक नीट दाबता येत नसेल तर कामं कशाला घेतोस, असलं काहीतरी. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, “येतो मी.”

इथे ज्या पद्धतीने फाइल जाते तिच्याविषयी थोडं सांगायला हवं. तिचं नाव टीएफटीपी. मूळ आखणी नोएल चियाप्पा यांची, आणि १९८१ साली आरएफसी ७८३ मध्ये तिचं एक रूप छापलं गेलं. ती मुद्दाम इतकी लहान ठेवली की छोट्याशा रॉममध्ये मावावी. पासवर्ड नाही, फाइलींची यादी मागायची सोय नाही. मागणारा फाइलचं नाव सांगतो, देणारा ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवतो आणि थांबतो. ‘मिळाला’ असा जवाब आला तरच पुढचा तुकडा. ५१२ पेक्षा लहान तुकडा आला की समजायचं, फाइल संपली. मला ते नेहमी सलामासारखं वाटतं. सलाम करणं सुन्नत, जवाब देणं मात्र वाजिब. जवाबाशिवाय इथे पाऊल पुढे पडत नाही.

जवाबाच्या अतिरेकानेही घोटाळा व्हायचा, ही गंमत वेगळी. एखादा जवाब हरवला नाही, नुसता उशिरा पोहोचला, तर तोच तुकडा पुन्हा जायचा, त्याचे दोन जवाब यायचे, आणि मग पुढचा प्रत्येक तुकडा शेवटपर्यंत दोनदा. याला ‘जादूगाराच्या चेल्याचा आजार’ असं नाव पडलं होतं. १९९२ च्या आरएफसी १३५० मध्ये तो दुरुस्त झाला. माझा आजार मात्र इतका प्रतिष्ठित नव्हता.

पोरगा आला. टेस्टर लावला, आठही दिवे क्रमाने लागले. काही न बोलता त्याने बोर्डाकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं आणि विचारलं, “भाऊ, मधात स्विच काहून नाही ठेवला? आम्ही कॅमेरा असा डायरेक्ट कधी लावतच नाही.” मला ते हसू आणणारं वाटलं. दोनच यंत्रं, मध्ये तिसरं कशाला? तरी त्याने पिशवीतून पाच पोर्टचा जुना स्विच काढला, आणखी एक तुकडा केबल काढली आणि लावून दिलं.

मी हुकूम दिला आणि आम्ही दोघांनी ते पाहिलं. त्याच क्षणी स्विचवरचा बोर्डाच्या बाजूचा दिवा विझला आणि दोन सेकंदांनी परत लागला. लॅपटॉपच्या बाजूचा लागलेलाच राहिला.

यू-बूट नेटवर्कचं यंत्र सतत चालू ठेवत नाही. फाइल मागायची वेळ आली की ते नव्याने सुरू करतो. थेट केबल असताना लॅपटॉपला तेवढा वेळ वाटायचं, केबलच उपटली. मग त्याचा नेटवर्क मॅनेजर मी हाताने दिलेला पत्ता टाकून द्यायचा आणि पत्ता वाटणारा दुसरा कोणी सापडतो का ते शोधत बसायचा. म्हणजे मी तपासायचो तेव्हा पत्ता असायचा, बोर्ड विचारायचा तेव्हा नसायचा. माझ्या लॅपटॉपच्या पोर्टला दिवाच नाही, नाहीतर सकाळीच दिसलं असतं. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये पत्ता कायमचा लिहून ठेवला असता तरी बहुतेक भागलं असतं. ते मी आता केलं.

आता पिंग केलं तर बोर्ड म्हणाला, होस्ट इज अलाइव्ह. फाइल मागितली तर पडद्यावर नुसते ‘टी’, ‘टी’, ‘टी’. टाइमआउटचा टी. लॅपटॉपची फायरवॉल पिंगला दार उघडत होती, यूडीपीच्या ६९ नंबरच्या पोर्टला नाही. ते उघडलं, तर ‘फाइल नॉट फाउंड’. नावातलं एक अक्षर मी कॅपिटल टाकलं नव्हतं. पण ही चूक वाचून मला इतका आनंद झाला की अम्मी आतून आली. पहिल्यांदा पलीकडून कोणीतरी बोललं होतं, ‘नाही’ का होईना.

“बोला क्या तेरा डब्बा?” तिने विचारलं.

नाव दुरुस्त केलं. जाळीच्या खुणांच्या ओळी भराभर भरल्या आणि काही सेकंदांत फाइल बोर्डाच्या मेमरीत होती. या वेळी मी ती लगेच कायमची लिहिली नाही. आधी मेमरीतूनच चालवून पाहिली, नीट उठली, मग लिहिली. शुक्रवारी हे केलं असतं तर यातलं काहीच घडलं नसतं.

पोरगा तोवर निघायच्या तयारीत होता. मी म्हणालो, फोनवर बोललो ते चुकलं, माफ कर. तो चपला घालत म्हणाला, “जॅक दाबला की मी टेस्टर लावूनच देतो भाऊ. सकाळी तुमच्यासमोरच लावला होता. तुमचं ध्यान मोबाइलमधी होतं.”

स्विचचे पैसे त्याने घेतले नाहीत. सोमवारी परत करा म्हणाला, एका शाळेत कॅमेरे बसवायचे आहेत. इफ्तारला थांब म्हटलं, तर अजून दोन घरी जायचं होतं. अम्मीने भजी आणि खजूर कागदात बांधून दिले.