मंडळाची सरासरी आणि पुतणीचा प्रबंध

मंडळी, पुतणी एम.ए. करतेय. विषय, सार्वजनिक धोरणासाठी डेटा सायन्स. भाऊ म्हणतो, यात नोकरी कसली? मला तर हा आपल्या बांधावरचाच विषय वाटतो.

प्रबंधाला तिनं पीक विमा घेतलाय. उत्पन्नावरची भरपाई तुमचं वावर बघून ठरत नाही, महसूल मंडळाच्या सरासरीवर ठरते. पीक कापणी प्रयोगाला जे प्लॉट निघतात, तेवढंच सोयाबीन कापायचं, मळायचं, तोलायचं. मागच्या 7 वर्षांतली चांगली 5 धरून सरासरी काढायची, जोखीमस्तरानं गुणायची, की झालं उंबरठा उत्पन्न. मंडळ त्याच्या वर गेलं की नाल्याकाठी पाणी साचून पिवळं पडलेल्या वावरालाही त्यातून शून्य. शेजाऱ्याचं चांगलं पिकलं ना!

किती प्लॉट घेतले तर सरासरी भरवशाची, उपग्रहाचा अंदाज कुठं फसतो, हे ती शिकतेय. ते पायथन-बियथन आपल्याला कळत नाही. पण परवा फोनवर विचारलं, "काका, आपल्या मंडळात चोपण किती, मुरमाड किती?" तिच्या फाईलीत तो रकानाच नाही. म्हणलं, ये सुट्टीत, गाडीवर चार गावं फिरवतो. कोणत्या शिवारात पाणी साचतं ते कमेंटमध्ये टाका, तिला पाठवतो.