सास्तूरच्या शेडमध्ये बार्शी लाइट

वीकेण्डला मॉल आणि मल्टिप्लेक्स नेहमीचंच झालंय? मग या सुटीत गावाकडे रेल्वे सुरू करा!

सास्तूरचंच घ्या ना. धाराशिव जिल्ह्यातल्या या गावाला रेल्वे स्टेशन नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या आणि गाव नव्या जागी वसलं. घरापुढचं हलकं पत्र्याचं शेड इकडे कुणाला नवं नाही. वर सावली, बाजूंनी वारा. आठ बाय चारच्या प्लायला आणखी काय हवं?

गाडी अर्थातच बार्शी लाइट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनीअरची ही नॅरोगेज १८९७ मध्ये सुरू झाली, १९११ मध्ये लातूरला पोचली. २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर मार्ग ब्रॉडगेज झाला. धाराशिवला स्टेशन मिळालं, पण छोटी गाडी गेली.

गंमत मापात आहे. तिच्या रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. एचओ स्केलसाठी ८७ ने भागा, येतात पावणेनऊ. बाजारात एन गेजचा ट्रॅक मिळतो ९ मिलिमीटरचा! इंजिनाचा सांगाडा एन गेजचा घ्या, वरचं अंग आणि डबे पुठ्ठ्याचे करा. वळणंही फूटभर त्रिज्येत बसतात. आधी पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी १९९८ मध्ये उघडलेलं छोट्या रेल्वेचं म्युझियम बघून या, हुरूप येईल.

आता उघड्यावरची पथ्यं. उन्हात रूळ वाढतात, जोडांत बारीक फट सोडा. प्लायच्या कडांना रंग द्या, नाहीतर पावसाळ्यात फुगलाच म्हणून समजा. खाली चाकं लावली की सर आली, टेबल घरात! धूळ बसली की रूळ पुसा. शेतं दाखवायला आपली काळी माती बेस्ट, पण चाळल्यावर तिच्यावरून लोहचुंबक फिरवा. तिच्यातले लोहकण मोटारीत गेले तर गाडी ठप्प.

आणि स्टेशन? ते सास्तूरचंच करा, १९९३ पूर्वीचं गाव शेजारी मांडून. आज तिशीत असलेल्यांना ते आठवणार नाही. म्हणून वेस कुठं होती, बाजार कुठं भरायचा, हे आजी-आजोबांना विचारा. सांगणारी माणसं आहेत, तोवरच हा नकाशा मिळेल. ट्रॅकचं काय, तो नंतरही विकत मिळेल.