मन लागत नाही तेव्हाची उपासना

रायपूरच्या बुढापाऱ्यात राहणाऱ्याला विवेकानंदांची आठवण रोज होते. तलावाला त्यांचं नाव आहे, तलावातल्या बागेत त्यांचा उंच पुतळा आहे, आणि जवळच डे भवन आहे. किशोरवयातला नरेंद्र, म्हणजे पुढचे विवेकानंद, १८७७ ते १८७९ या काळात आईवडिलांबरोबर तिथे राहत होता. तेव्हा रायपूरपर्यंत रेल्वे आलेली नव्हती, शेवटचा मोठा टप्पा बैलगाडीचा. विंध्याच्या जंगलातून जाताना कड्याच्या कपारीत त्याला एक प्रचंड मधाचं पोळं दिसलं. मधमाश्यांचा तो संसार कधी सुरू झाला असेल, या विचारात चौदा वर्षांचा तो मुलगा देवाच्या जाणिवेत असा बुडाला की बराच वेळ त्याला बाहेरचं भान नव्हतं, असं त्यांच्या चरित्रांत आहे.

पुढे सोळा वर्षांनी, १८९३ साली, आणखी एक माणूस याच मुलखाकडे निघाला होता. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते. आगगाडीच्या डब्यात एक गोरा प्रवासी भेटला, बोलणं रंगलं आणि त्याने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही तो म्हणाला. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर टिळकांना ते पुस्तक सोडवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आमच्या घरात टिळकांची ही गोष्ट नाताळच्या फराळासारखी दरवर्षी व्हायची. आई सांगायची. ती अहमदनगरकडची, लग्नानंतर इकडे आलेली. इथलं चर्च हिंदीत चालतं. १८६८ साली मिशनरी ऑस्कर लोर रायपूरला आले आणि त्यांनी बिश्रामपूर वसवलं, तेव्हापासून या भागातल्या मंडळ्या हिंदी आणि छत्तीसगढीतच वाढल्या. त्यामुळे रविवारी ‘जय मसीह की’ आणि ‘भजन संहिता’, आणि घरी आल्यावर स्वयंपाकघरात ‘उपासना संगीत’. आईचं ते पुस्तक माझ्याकडे आहे. शिवण उसवलेली, कडेला फोडणीच्या तेलाचे डाग. पोळ्या लाटताना पान पालटायला ती पालथ्या मनगटाचा उपयोग करायची, म्हणून काही पानांचे कोपरे पिठाने राठ झालेत.

देव भेटल्याच्या अशा गोष्टी ऐकत मी वाढले, पण आई गेली आणि त्यानंतर काही महिन्यांत माझी प्रार्थना बंद पडली. म्हणजे मी रोज बसत होते, शब्दही येत होते, पण समोर कुणी आहे असं वाटेना. देवावर राग असता तर बरं झालं असतं. रागालासुद्धा समोर कुणीतरी लागतं. मला भांडायलाही कुणी नव्हतं. प्रभुभोजनाच्या रविवारी काचेची ती छोटी पेली हातात घ्यायची, आजूबाजूच्या बायकांचे डोळे मिटलेले दिसायचे, ओठ हलताना दिसायचे, आणि वाटायचं, आपण इथे नुसती जागा अडवून बसलोय.

चांगल्या मनाच्या माणसांनी या काळात मला जे सांगितलं, ते ऐकून मी आणखी एकटी पडले. विश्वास कमी पडतोय. मनात एखादं लपवलेलं पाप असेल, शोधून काढा. स्तुती करत राहा, आनंद आपोआप येईल. आमच्या साक्षीच्या सभांत देव भेटल्याच्या गोष्टी सांगतात, आजार बरा झाल्याच्या, व्यसन सुटल्याच्या. त्या खऱ्या असतात आणि मला त्या ऐकायला आवडतात. पण भेट होऊन वर्षं लोटल्यावर तो भेटेनासा झाला, तरी मी येत राहिलो, अशी साक्ष द्यायला कुणी उभं राहत नाही. ती साक्ष द्यायची कशी, हेच कुणाला ठाऊक नसतं. शेवट गोड नसलेली गोष्ट माइकवर सांगायला धीर होत नाही.

शेजारच्या काकूंनी मात्र मला नीट उत्तर दिलं. त्या ब्राह्मण, रोज पहाटे देवपूजा करणाऱ्या. मी एकदा त्यांच्यापाशी बोलून गेले की चर्चमध्ये मन लागत नाही. त्या फुलं निवडत होत्या, वरही न बघता म्हणाल्या, “अगं, मन आपल्या हातात असतं का? हात आपल्या हातात आहेत. ते लावायचे.” आमच्या धर्मशास्त्रात हे कुठे बसतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बसतं, असंच माझं मत आहे. शब्बाथ पाळा, भाकर मोडा, एकत्र जमायचं सोडू नका, या आज्ञा भावनेला दिलेल्या नाहीत. त्या पायांना आणि हातांना दिलेल्या आहेत.

त्याच सुमारास मी पंडिता रमाबाईंचं आत्मकथन पुन्हा वाचलं. शाळेत त्यांच्याविषयी शिकतो ते शारदा सदन आणि मुक्ती सदन. त्यांच्या आयुष्यात देवाचं मौन किती वेळा आलं, याकडे माझं आधी लक्षच गेलं नव्हतं. १८७०च्या दशकातला दुष्काळ. तीर्थामागून तीर्थं करत, व्रतं आणि दानं करत ते कुटुंब उपासमारीला सामोरं गेलं. वडील गेले, आई गेली, बहीण गेली. देवांना विनवण्या चालू होत्या आणि उत्तर येत नव्हतं. पुढे भाऊ गेला, नवरा गेला. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. एखादा प्रचारक गोष्ट इथे संपवेल. रमाबाई संपवत नाहीत. त्या स्वतः लिहितात की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळाल्याची खात्री त्यांना पटली ती जवळजवळ आठ वर्षांनी. त्या मधल्या वर्षांत त्या उपासनेला जात होत्या, अमेरिकेत व्याख्यानं देऊन पैसा उभा करत होत्या, मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढत होत्या. मनाला खात्री पटेपर्यंत त्यांनी काम थांबवलं असतं तर त्या मुलींचं काय झालं असतं?

आणि शेवटी? केडगावच्या मुक्ती सदनात त्या हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणत बसल्या होत्या. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. रमाबाई त्यानंतर वर्षभरही जगल्या नाहीत, ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. सगळं बायबल त्यांच्या हाताखालून गेलं, म्हणजे अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्रही गेलंच.

या स्तोत्राविषयी मला थोडं थांबून बोलायचं आहे. स्तोत्रसंहितेत तक्रारीची स्तोत्रं पुष्कळ आहेत, पण बहुतेकांत शेवटी शेवटी उजाडतं, तक्रार करणारा देवाची स्तुती करू लागतो. अठ्ठ्याऐंशीव्यात उजाडत नाही. हा माणूस रात्रंदिवस हाका मारतो, देवाने तोंड का लपवलं म्हणून विचारतो, मित्र आणि सोयरे दूर गेले म्हणून सांगतो, आणि अंधार या गोष्टीवर स्तोत्र थांबतं. ज्यांनी हा संग्रह सिद्ध केला, त्यांनी त्याला सुखाचा शेवट जोडला नाही आणि ते गाळलंही नाही. मंदिरात गायच्या गीतांमध्येच ठेवलं. याचा अर्थ मी असा घेते की ज्याला देव दिसत नाही, त्याचं गाणं हीदेखील उपासना आहे आणि तिला मंदिरात जागा आहे. बाविसाव्या स्तोत्राचं तर काय सांगावं! वधस्तंभावर प्राण जाताना प्रभूने जे विचारलं, ‘माझ्या देवा, तू मला का सोडलंस?’, ती त्या स्तोत्राची सुरुवात. पुत्रालासुद्धा पिता दूर वाटला. त्याच्यात कोणतं लपवलेलं पाप होतं, हे विचारायची आपली छाती आहे का?

मदर तेरेसांची पत्रं २००७ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा अनेक जण हादरले. सेवेच्या कामाला सुरुवात झाल्यावर लवकरच देवाच्या जवळपणाची जाणीव हरपली, आणि अधूनमधूनचा थोडा काळ सोडला तर ती पोकळी पन्नासेक वर्षं टिकली. पहाटेची प्रार्थना, मिस्सा आणि रस्त्यावरचे मरणासन्न लोक यांपैकी काही सुटलं नाही. १९६१ साली त्यांनी हे पुण्याचे जेझुइट धर्मशास्त्रज्ञ फादर जोसेफ नॉयनर यांच्यापाशी मोकळं केलं. हा अंधार कुठल्या दोषाची शिक्षा नाही, ज्याची ओढ लागली आहे तो त्या ओढीतच आहे, अशा अर्थाचं फादरांनी त्यांना समजावलं. त्यानंतर तो अंधार आपल्याला प्रिय वाटू लागला, असं मदरनी त्यांना कळवलं. माझी मजल तिथवर गेलेली नाही. मला तो प्रिय वाटत नाही. पण ओढीचं म्हणणं मला पटलं, कारण ते मराठी माणसाला नवं नाही. तुकोबा विठ्ठलाला किती बोलले, किती रुसले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक म्हणत. त्या पुलावरून येताना रुसण्याचा हक्कही त्यांनी बरोबर आणला असणार.

एक गोष्ट सांगायलाच हवी. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणंच नको वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जावं आणि औषध घ्यावं. त्यात विश्वासाचा काही कमीपणा नाही. मी म्हणते ती अवस्था वेगळी: घर, नोकरी, बाजार सगळं चालू असतं, फक्त गुडघे टेकल्यावर पलीकडे कुणी नसतं.

त्या दिवसांत मी स्वतःचे शब्द वापरायचं सोडलं. आईच्या पुस्तकातली गीतं वाचायची, दिवसाचं स्तोत्र वाचायचं, प्रभूची प्रार्थना म्हणायची. चर्चमध्ये इतरांनी गावं आणि मी उभं राहावं. माझ्या वाट्याचं मंडळीने गायलं, त्यांना कळलंही नसेल. एकत्र उपासना करण्याचा सगळ्यात मोठा उपयोग मला हाच वाटतो. ज्या आठवड्यात मी गाऊ शकते, त्या आठवड्यात मागच्या बाकावरच्या कुणासाठी तरी मी गात असते. आता कधीकधी जवळीक जाणवते, अनेकदा नाही. मी जाते.

पाळकांना आणि आमच्या गाणाऱ्या तरुणांना माझी एक विनंती आहे. विजयाची गाणी म्हणा, टाळ्या वाजवा, पण महिन्यातल्या एका रविवारी तरी विलापाचं एक स्तोत्र पूर्ण वाचा, आणि लगेच पुढे त्याला आनंदाचं गाणं जोडू नका. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले होते, तोवर त्यांचं बरोबर होतं. ते चुकले तोंड उघडल्यावर. आणि ज्यांना हे वाचताना आपलं काही आठवलं, त्यांनी या रविवारी चर्चला यावं. गाता येत नसेल तर गाऊ नका. मागच्या बाकावर बसा, शेजारी जागा असेल तर मलाही बसू द्या.