निशाणी बांगडीची

मुंबई-गोवा हायवेच्या रुंदीकरणात कोलाडच्या आमच्या घराचा ओटा गेला. सामान हलवताना माळ्यावरून पत्र्याची ट्रंक निघाली. आत जुने स्टॅम्पपेपर, सगळे मोडीत. घरात वाचता येणारं कुणी नाही.

जुने कागद विकत घेणारा एक जण मुंबईहून आला. मजकुराशी त्याला देणंघेणं नव्हतं. वरचा राणीचा छाप आणि खालच्या सह्या, तेवढंच कापून द्या म्हणाला. सहीला बाजार असतो हे मी वाचलं होतं. अमेरिकेच्या 1776च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर 56 जणांनी सह्या केल्या. त्यांतला बटन ग्विनेट पुढच्याच वर्षी द्वंद्वयुद्धात मेला, त्यामुळे त्याच्या सह्या फार थोड्या उरल्या. 2010 साली त्यातल्या एकीला लिलावात सात लाख डॉलरांहून जास्त किंमत आली.

आमच्या कागदांवर सह्या कमीच, चित्रं जास्त. ज्याला लिहिता येत नसे तो निशाणी करी. कुणबी नांगर काढी, दुकानदार तराजू, बाई बांगडी. शेजारी लिहिणारा कारकून नाव घाली. एका कागदाच्या तळाला अशीच बांगडी होती, थरथरत्या हाताने काढलेली. ती कात्रीखाली द्यायचा जीव होईना. त्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं.

मोडी वाचणारे अलिबागला भेटले. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे या लोकांना फुरसत नाही. दीड महिना थांबलो. कागद 1894चा निघाला. माझ्या पणजोबांच्या बहिणीने बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावांना सोडून दिला होता, राजीखुशीने. शरियतने मुलीला मुलाच्या निम्मा वाटा ठरवून दिलाय. आमच्याकडे तो असा राजीखुशीने सुटत आलाय.

घरी येऊन हे फुफीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ बांगडीकडे बघत राहिली.

"बदल्यात काय दिलं रे तिला?"

"साडीचोळी लिहिलीय."

"मला शिलाई मशीन दिलं तुझ्या अब्बांनी," ती म्हणाली. "मला तर सही येत होती."

ओट्याचा मोबदला माझ्या एकट्याच्या खात्यावर जमा झालाय. किती, ते फुफीला अजून सांगितलेलं नाही.