सळई वर की खाली?

"ड्रॉइंग इज द लँग्वेज ऑफ इंजिनिअर्स!" फर्स्ट इयरला ग्राफिक्सच्या पहिल्याच तासाला हे वाक्य ऐकले नाही, असा इंजिनिअर शोधून सापडायचा नाही. मग वर्षभर मिनी ड्राफ्टर खांद्याला लावून हिंडायचे आणि सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर टेबलाची काच, काचेखाली बल्ब आणि बल्बवर कोणाची तरी पूर्ण झालेली शीट! जी.टी. मारणे म्हणतात ते हेच. ही भाषा उतरवून काढायला सगळेच शिकतात हो. वाचायला किती जण शिकतात?

नकाशा चुकीचा वाचल्याने बांधकामाचे कसे बारा वाजतात, असा विषय निघाला की कट्ट्यावर हमखास मुंबईच्या ताजमहाल हॉटेलची गोष्ट येते. साहेब आर्किटेक्ट नकाशे देऊन विलायतेला गेला, इथल्या कंत्राटदाराने नकाशा उलटा धरला, हॉटेलचे तोंड समुद्राऐवजी गावाकडे झाले आणि परत आलेल्या साहेबाने ते पाहून जीव दिला! गोष्ट झकास आहे, पण खरी नाही. १९०३ साली सुरू झालेल्या या हॉटेलचे मूळ आर्किटेक्ट होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा. वैद्य काम पूर्ण होण्याआधीच वारले आणि पुढचे काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी तडीला नेले. गाड्या गावाकडून यायच्या, म्हणून प्रवेशही त्याच बाजूला होता. तेव्हा समोर गेटवे ऑफ इंडियासुद्धा नव्हते! ज्या कंत्राटदाराला ही गोष्ट अडाणी ठरवते, त्या खानसाहेब सोराबजी रतनजी यांच्या नावावर तर हॉटेलचा तो प्रसिद्ध मधला जिना आहे.

मग ही गोष्ट शंभर वर्षे टिकली कशी? मला वाटते, ती आपल्याला सोयीची आहे म्हणून. कागद काढणारा शहाणा आणि साइटवरचा माणूस अडाणी, एवढे एकदा ठरवले की आपण मोकळे!

आमच्या शहागंजात घड्याळाच्या मागच्या गल्ल्यांतून नेहमीच कुठे ना कुठे जुने घर पाडून आर.सी.सी. उभे राहत असते. प्लॉट लहान, त्यामुळे प्रत्येकाला गॅलरी रस्त्यावर काढायची असते. दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारीही असेच काम चालले होते. कॉलेजातून येता-जाता मी तिथे थांबायचो. नकाशा आठ घड्या घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला. त्यावर १० मिमी, १५० सी/सी असे इंग्रजीत लिहिलेले. फिटर ते वाचायचा "तीन सूत, सहा-सहा इंचावर". म्हणजे त्याने काही चुकीचे वाचले, असे म्हणायची सोय नाही!

स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी, सगळे त्यांना चाचा म्हणतात, मला हाक मारली. "बेटा, जरा बघ. गॅलरीची सळई वर की खाली, कुठं लिहिलंय का?"

मी पाहिले. प्लॅनमध्ये नुसत्या रेघा. वरून पाहिल्यावर वरची सळई आणि खालची सळई सारखीच दिसणार! कोपऱ्यात बारीक अक्षरात एवढेच होते, की सेक्शन शीट नंबर तीनवर पाहावा. शीट नंबर तीन साइटवर नव्हतीच. ती घरमालक काकांच्या कपाटात, बँकेच्या लोनच्या फाइलमध्ये सुरक्षित होती! फिटरने आतल्या खोलीसारखीच गॅलरीतही मुख्य सळई तळाला बांधून टाकली होती.

स्थापत्यवाल्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. दोन्हीकडे आधार असलेला स्लॅब मध्ये वाकतो, ताण खालच्या बाजूला येतो, म्हणून लोखंड खाली. गॅलरी एकाच बाजूने धरलेली असते, ती मान टाकते आणि ताण वर येतो. तिथे लोखंड खाली घातले, तर टेकू काढेपर्यंत सगळे छान दिसते. टेकू काढल्यावर मात्र ती कधी खाली येईल याचा नेम नाही. आमच्या त्या गॅलरीखाली रोज फळांचे हातगाडे उभे असतात.

काकांनी फाइल आणली. सळई वरच होती. दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस खपून सगळे पुन्हा बांधले, काँक्रीट एक दिवस उशिरा पडले. बस्स, एवढेच झाले!

पण शिकलेली माणसे तरी एकमेकांचे कागद नीट वाचतात का? १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रिजन्सी हॉटेलात दोन लटकते पूल कोसळून ११४ माणसे गेली. मूळ कल्पनेत छतापासून निघालेली एकच अखंड सळई दोन्ही पुलांना धरत होती. फॅब्रिकेशनच्या नकाशात तिच्या दोन सळया झाल्या आणि खालचा पूल वरच्या पुलाला लटकला. म्हणजे दोरीला धरलेल्या दोघांपैकी खालच्याने दोरी सोडून वरच्याचे पाय धरावेत तसे! वरच्या पुलाच्या जोडावर दुप्पट भार आला. त्या नकाशावर इंजिनिअरचा शिक्का होता. हिशेब मात्र कोणी केला नव्हता. ही मोठ्यांची जी.टी.च नव्हे का?

तेव्हा मित्रहो, दोष सरसकट मिस्त्रीच्या माथी मारण्याआधी आपला कागद पाहू. गॅलरी आणि छज्जाचा सेक्शन प्लॅनच्याच शीटवर काढू. शेजारी मोठ्या अक्षरात चक्क मराठीत लिहू: "मुख्य सळई वर." परीक्षेत याचे मार्क मिळणार नाहीत, न मिळोत!

आणि एक. साइटवर आपण नकाशा समजावतो आणि शेवटी विचारतो, "समजलं का?" याचे उत्तर कायम "हो साहेब" असेच येते. त्याऐवजी नकाशा त्यांच्या हातात द्यावा आणि म्हणावे, "चाचा, आता तुम्ही मला सांगा, काय करणार?" मग गप्प बसून ऐकावे.