ऐकलेलं गाणं, पाहिलेलं गाणं

परवा यूट्यूबवर 'मन के मंजीरे' सापडलं. शुभा मुद्गल यांनी गायलेलं, 2000 साली आलेलं. शब्द प्रसून जोशींचे, संगीत शंतनू मोइत्रांचं. ऐकता ऐकता जुनं सगळं वर आलं..

आमच्याकडे सांगलीला तेव्हा केबल नव्हती. हरभट रोडवरून आणलेली कॅसेट तेवढी होती. मला ते प्रेमात पडलेल्या मुलीचं गाणं वाटायचं. पाऊस, झोपाळा वगैरे चित्रही मनात तयार होतं.

मे महिन्यात साताऱ्याला मावशीकडे गेले. तिच्याकडे केबल होती. एका दुपारी तेच गाणं लागलं, आणि समोर चक्क ट्रक! नवऱ्याचा जाच सोडून निघालेली मिता वशिष्ठ ट्रक चालवतेय, मागे बायका नाचतायत. मी हिरमुसले. "काय हे, माझ्या गाण्याची वाट लावली!"

मावशी काहीच बोलली नाही. पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. गाणं संपेपर्यंत हलली नाही. आत तव्यावरची चपाती करपली.

राजवाड्याजवळच्या त्या दोन खोल्यांत ती एकटीच राहायची. "बदली झाली" असं आम्हा मुलांना सांगितलेलं. खरं काय ते मला फार उशिरा कळलं.

व्हिडिओ गाण्याला खातो, हे माझं लाडकं मत. 1995 सालचं 'मेड इन इंडिया' घ्या. गायलं अलिशा चिनॉयनं, पण विषय निघाला की लोकांना आठवतो खोक्यातून निघालेला मिलिंद सोमण!

पण 'मन के मंजीरे'चं तसं नाही. 'ब्रेकथ्रू' या संस्थेनं ते बायकांच्या हक्कांसाठी, घरातल्या मारहाणीविरुद्ध मुद्दाम काढलं होतं. चाल तीच, शब्द तेच. माझा झोपाळा गेला हे खरंच. पण नुसत्या कॅसेटवर ते गाणं मावशीला आपलं वाटलं असतं का? त्या ट्रकनंच ते तिच्या दारापर्यंत आणून सोडलं.

हे लिहू का, म्हणून काल मावशीला फोन केला. क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "लिही की. आता कशाला लपवायचं? फक्त चपाती करपली ते लिहू नकोस."

लिहिलं बघ, मावशी. रागावू नकोस!